आईच्या बाजूचे डोळे

प्रिय धाकटोबा,

हे पत्र तू फोनमधल्या त्या बाईकडून वाचून घेशील, हे मला माहीत आहे. ती बाई मायेचं वाक्यही गाडीची वेळ सांगितल्यासारखं वाचते. तेव्हा मी जिथे हसले असेन असं वाटेल, तिथे तूच हसून घे. माझी एक अट मात्र आहे. कानात ती बोंडं घाल आणि आधी एकट्याने ऐक. दुकानात मोठ्याने लावून गिऱ्हाइकांची फुकट करमणूक करू नकोस. आईला आणि तुझ्या बायकोला काय सांगायचं, कधी सांगायचं, ते ऐकून झाल्यावर तूच ठरव. फोन का नाही केलास, असं म्हणशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि आज मला मध्ये न थांबता बरंच बोलायचं आहे.

तुझं नवं सायकलचं दुकान बघून आल्यापासून ते मनातून जात नाही. भिंतीवर आकाराप्रमाणे टांगलेले पाने, छर्र्यांचे डबे, छताला लटकलेल्या रिमा, आणि मधोमध स्टुलावर तू. एका बाईने वाकडं झालेलं चाक आणलं होतं. तू ते स्टँडला लावलंस, एकेक स्पोक बोटाने छेडत गेलास आणि ढिल्या स्पोकापाशी बरोबर थांबलास. मग अंगठ्याचं नख रिमेजवळ धरून चाक फिरवलंस आणि नख जिथे घासलं तिथे चावी दिलीस. सगळा आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, निघेपर्यंत तू तिच्याशी तिच्या सासूबद्दल गप्पा मारत होतास. ती नवीन होती बहुतेक, कारण तू तिच्या कानाकडे बघून बोलायला लागलास तेव्हा तिने मागे वळून पाहिलं. तुझ्या नजरेचा मधला भाग गेलाय, कडेचा शाबूत आहे, आणि माणसाचा चेहरा दिसायला तुला त्याच्या कानाकडे बघावं लागतं, हे तिला कुठून कळणार? पण चाक घेऊन जाताना ती हसत गेली. मी कोपऱ्यात उभी राहून घंट्या बघायचं नाटक करत होते. खरं सांगायचं तर मला तुझा फार अभिमान वाटत होता. तोंडावर सांगितलं असतं तर तू शेफारला असतास, शिवाय मी उचललेला पाना चुकीच्या खिळ्याला लावला म्हणून तू नुकतंच सगळ्यांदेखत माझं भजं केलं होतंस.

त्या दिवशी परत येताना गाडीत मला छापखान्यातला तू आठवत राहिलास. नुकतीच विशी ओलांडलेला, बोटांना कायम शाई, आणि रंग जुळवण्यात तुझा हात धरणारं कोणी नाही अशी तुझी ऐट. मग एक दिवस तू म्हणालास की लाल रंग धुतल्यासारखा दिसतोय. आम्हाला वाटलं शाई खराब असेल. काही आठवड्यांत उजव्या डोळ्याच्या मधोमध डाग पडला आणि पाठोपाठ डाव्या. दुखत नव्हतं, डोळे लाल नव्हते, बाहेरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. चष्मेवाल्याने नंबर बदलून बदलून चष्मे दिले. एका डॉक्टरांनी मनावर ताण आहे असं सांगितलं. दुसऱ्यांनी बाबांना बाजूला घेऊन विचारलं, मुलाला नोकरी सोडायची आहे का. आत्याने गाजराचा रस एवढा पाजला की तुझ्या तळहातांवर केशरी झाक आली. वर्ष असं इकडून तिकडे हिंडण्यात गेलं आणि तेवढ्यात वाचणं, लिहिणं, माणसं ओळखणं सगळं हातचं गेलं.

मग ती नसांची डॉक्टर भेटली, आठवते? सर्दीने बेजार झालेली, दर वाक्याला रुमाल. तिने विचारलं की आईच्या माहेरी कोणाचे डोळे असे गेलेत का. बाबांनी एका क्षणात नाही म्हणून सांगितलं. आई दाराशी उभी होती. ती जमिनीकडे बघत म्हणाली की तिचा भाऊ. बाबा चिडले, कारण त्या भावाचं नाव आपल्या घरात काढायचं नाही असा दंडक होता, आणि त्याचे डोळे हलकी दारू पिऊन गेले हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक होतं. डॉक्टरने शांतपणे रुमाल बाजूला ठेवला आणि विचारलं की आधी दारू आली की आधी डोळे गेले. इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. आई म्हणाली, आधी डोळे.

तुला आणि मला लहानपणी मामाची धमकी मिळायची. अभ्यास नाही केलास तर मामासारखा होशील. उलट बोललीस तर मामावर गेलीस. तो मामा लेथवर काम करणारा चांगला कारागीर होता, हे आईने आपल्याला त्या दिवशी दवाखान्यातून परत येताना रिक्षात सांगितलं. त्याची नजर मधून गेली तेव्हा तो रस्त्यात ओळखीच्यांना ओळख देईना, म्हणून शिष्ट ठरला. ग्लासाच्या बाहेर पाणी ओतायचा, पायरी चुकायचा, म्हणून दारुडा ठरला. तोवर त्याने थेंबही घेतला नव्हता. कारखान्याने काढलं, आजोबांनी घराबाहेर काढलं, आणि मग मात्र त्याने लोकांचं म्हणणं खरं करून दाखवलं. कुठल्याशा गावात भाड्याच्या खोलीत तो गेला. आईला कळलं ते खूप उशिरा. भावासाठी तिला मोकळेपणी रडताही आलं नव्हतं, कारण तसल्या भावासाठी कोण रडतं?

तुझा रक्ताचा रिपोर्ट आला आणि आईचं एक नवंच रूप मी पाहिलं. आपण सगळे हादरून बसलो होतो. तिने डोळे पुसले, पदर खोचला आणि एकेका नातेवाइकाला फोन लावायला घेतले. पेशी म्हणजे काय, पेशीच्या आतल्या त्या बारीक गोष्टी काय करतात, त्यांच्यातली खोट आईकडून मुलांकडे कशी येते आणि डोळ्याची नस त्यामुळे कशी सुकते, सगळं डॉक्टरने सांगितलं तसं. शेवटी प्रत्येकाकडून एक वाक्य वदवून घ्यायची, की तो दारुडा नव्हता, तो आजारी होता. थोरल्या मावशीने विषय हवापाण्यावर न्यायचा प्रयत्न केला तर आईने तिला मानगूट धरून परत आणावं तसं परत आणलं. ज्या रिपोर्टाने तिच्या मुलाच्या डोळ्यांबद्दलची आशा काढून घेतली, त्याच रिपोर्टाने तिला तिचा भाऊ परत दिला होता. तिने दोन्ही गोष्टी एकाच दिवशी पेलल्या. माझी आई अशी आहे, हे मी अजूनही लॅबमध्ये नव्या मुलींना फुशारकीने सांगते.

त्या लॅबमध्ये मी गेले तेही तुझ्यामुळेच. रक्त-लघवी तपासायची माझी बरी चाललेली नोकरी सोडून मी पेशी वाढवणाऱ्या संशोधनाच्या लॅबमध्ये शिरले, तेव्हा तुझ्या दाजींनी कपाळावर हात मारला होता. आता ते सगळ्यांना सांगतात की आमच्या घरात नवऱ्यापेक्षा पेशींना वेळेवर जेवण मिळतं. काही चुकीचं नाही त्यात. सकाळी गेलं की बशांमधलं गुलाबी पाणी बदलायचं, पेशी धडधाकट आहेत ना बघायचं, गर्दी झाली असेल तर नव्या बशीत पांगवायचं. मग रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. काळ्याभोर अंधारात हिरवे धागे चमकतात, तेच मायटोकाँड्रिया. शाळेच्या पुस्तकात त्यांना तंतुकणिका म्हणायचे आणि आपण दोघांनी त्यांची आकृती भुईमुगाच्या शेंगेसारखी काढून गुण मिळवले होते. खरे मायटोकाँड्रिया एका जागी बसत नाहीत. सरकतात, एकमेकांना जुळतात, पुन्हा तुटतात, जिथे काम जास्त तिथे गर्दी करतात. आपण खातो ते अन्न आणि घेतो तो श्वास यांतून पेशीला चालायला लागणारी शक्ती मुख्यतः तेच काढतात. एखादी पेशी अगदीच हाताबाहेर गेली तर तिने आता आवरतं घ्यावं, हे ठरवण्यातही त्यांचा हात असतो. एवढंसं अंग आणि केवढा कारभार.

त्यांच्यात बिघाड झाला की जिथे शक्तीचा खर्च मोठा, तिथे आधी तंगी येते. डोळ्याची नस, मेंदू, हृदय, स्नायू. कोणाचे कान जातात. कोणा मुलाला जिना चढवत नाही आणि घरचे त्याला आळशी म्हणतात. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे लॅबच्या प्रमुख, म्हणतात की या आजारांत माणूस दोनदा मार खातो, एकदा शरीराचा आणि एकदा लोकांच्या बोलण्याचा. मला मामा आठवतो. मोठ्या बाईंच्या परवानगीने मी माझ्या दंडावरच्या कातडीचा कणभर तुकडा दिला होता आणि माझ्याच पेशी मी बशीत वाढवल्या. त्यांच्यात तीच खोट आहे जी तुझ्यात आहे, मामात असणार, आईत आहे. मायटोकाँड्रियांची स्वतःची छोटीशी वेगळी जनुकं असतात, त्यांतलं एक अक्षर बदललेलं. तरी माझे डोळे शाबूत आहेत. का, ते पूर्ण कोणालाच ठाऊक नाही. पुरुषांना जास्त होतं, बायकांना कमी, विडी-सिगारेट आणि दारूने धोका वाढतो, एवढं कळलंय. पहिल्यांदा माझ्या पेशी बघितल्या तेव्हा मला राग येईल असं वाटलं होतं. पण ते हिरवे धागे खोट पोटात घेऊन निमूट राबत होते, आणि मला त्यांचं कौतुकच वाटलं.

तू लग्नाला नाही म्हणत होतास ते दिवस आठव. मुलगी तुला पसंत होती, तुला वगळून सगळ्या जगाला ते दिसत होतं, आणि तू मात्र आपल्या पोरांना आंधळं करायला मी लग्न करणार नाही असं म्हणून जेवणावरून उठायचास. शेवटी एका दुपारी मी तुला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि शिकवणी घेतली. बाळाला मायटोकाँड्रिया मिळतात ते आईच्या बीजांडातून. बापाचे मूठभर येतात खरे, पण आत शिरल्या शिरल्या त्यांचा निकाल लागतो. म्हणजे तुझी खोट तुझ्यापाशीच संपते, तुझ्या मुलांना ती जाणार नाही. तुझा चेहरा असा उजळला की मला वाटलं आता उठून नाचतोस. आणि लगेच तो पडला. अंगणात चेंडू आपटायचा आवाज येत होता आणि तू मान तिकडे वळवलीस. तिथे माझा मुलगा खेळत होता. बापाकडून जात नाही, पण आईकडून जातं, हे गणित मी बोलायच्या आत तू मांडलंस. स्वतःच्या सुटकेच्या क्षणाला तुला माझं पोर आठवलं. त्या दुपारी तुझ्याविषयी मला जे वाटलं ते मी आजवर बोलले नाही. असा भाऊ मिळायला नशीब लागतं, इतकंच लिहिते, बाकीचं तू समजून घे.

तुझी लेक ठमी आता चार वर्षांची, डोळे घारीसारखे, खाली पडलेला छर्रा तुला शोधून देते. आणि आमचे चिरंजीव. त्याला सोळाव्या वर्षी हे सगळं सांगायचं ठरलं तेव्हा माझा धीर होईना, ते काम तू केलंस. दुकानातल्या बाकावर त्याला बसवून तू काय बोललास ते तुम्हा दोघांनाच माहीत, पण तो घरी आला तो मोठा होऊनच. तेव्हापासून त्याने सिगारेटला हात लावला नाही. हॉटेलच्या भटारखान्यात काम करणाऱ्या पोराला ते किती अवघड असतं हे तुला सांगायला नको. बाकीचे मागच्या दारात धूर काढत उभे असतात आणि हा आत कांदे चिरत राहतो. त्याला पुजारी म्हणून चिडवायचे. आता सूप आणि रस्से त्याच्या एकट्याच्या हातात आहेत, आणि चिडवणारेच मीठ बघायला त्याला बोलावतात. मला त्याचा अभिमान आहे हे मी त्याला सांगते. तुमची पिढी सगळं मनात ठेवते, असं तो म्हणतो, म्हणून सांगायला लागले.

राहिली आई. तू लाख समजावलंस तरी तिच्या मनातून जात नाही की हे तिच्याकडून आलं. मी तिला सांगून थकले की तिला ते तिच्या आईकडून आलं, तिला तिच्या आईकडून, कोणी निवडून दिलेलं नाही. ज्या मायटोकाँड्रियांमुळे तुझी नजर गेली, त्यांच्याच जोरावर तू पहिला श्वास घेतलास, चाललास, रडलास, मला चिमटे काढलेस. तेही तिचंच देणं आहे. माझं ती ऐकून घेते, पण पटवून घेते ते फक्त तुझं. येत्या दिवसांत तिला ते पुन्हा पटवावं लागणार आहे, आणि या वेळी जास्त कठीण जाईल.

आता लिहायचं ते लिहिते. मंगळवारी संध्याकाळी भटारखान्यात ऑर्डरच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात, त्यांतल्या मधल्या अक्षरांच्या जागी माझ्या पोराला धूसर दिसायला लागलं. उजवा डोळा. त्याने डावा झाकून खात्री केली, मग उरलेल्या साऱ्या ऑर्डरी पुऱ्या केल्या, ओटा पुसला आणि घरी आला. सकाळी चहा पिताना, गॅस संपलाय हे सांगावं तशा आवाजात मला सांगितलं. त्याच दिवशी तपासण्या झाल्या, औषध सुरू झालं. तुझं वर्ष वाया गेलं म्हणून त्याचा एक दिवसही गेला नाही. औषधाचा काहींना थोडा उपयोग होतो, पुष्कळांना होत नाही, आणि दुसरा डोळाही बहुधा काही आठवड्यांत त्याच वाटेने जाईल. मी बशीतल्या पेशी बघून आले, घरी येऊन रडले, पुन्हा कामाला लागले. तो रडला की नाही मला माहीत नाही. त्याने ना दुसरा डॉक्टर मागितला, ना कुठली गोळी. मला मामाकडे जायचंय, एवढंच म्हणाला. चाकं शिकायला नाही, त्याला त्याचं भटारखान्याचं कामच करायचंय. पण एवढं झाल्यावर माणूस ताठ कसा उभा राहतो, हे त्याने लहानपणापासून तुझ्यात बघितलंय, आणि ते त्याला जवळून शिकायचंय. आपल्या घराण्यात अशी नजर गेलेल्या पोराला हक्काने जायला जागा आहे ती तुझ्यामुळे, हे मी मान वर करून लिहिते. रविवारी सकाळच्या गाडीने तो येतोय. आणायला स्टेशनवर तूच जा, बायकोला पाठवू नकोस, आणि त्याला हाकही मारू देऊ नकोस. एवढ्या गर्दीतून तू माणूस कसा शोधून काढतोस, ते त्याला एक डोळा नीट आहे तोवर बघून घ्यायचं आहे.

तुझीच,
थोरली